ज्याची खावी पोळी

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपल्याकडे दोन निरनिराळ्या प्रसंगीं ऐकूं येते. उपकारकर्त्याशीं कृतघ्नपणें वागणाऱ्याला ती उपदेश म्हणून ऐकवितात, आणि एखाद्या खुशमस्कऱ्याच्या पाठीमागें तीच उपहास म्हणून उच्चारतात. एकच वाक्य उपदेशाचेंही व्हावें आणि उपहासाचेंही व्हावें, यावरून या बाबतींत आपल्या समाजाच्या मनांत किती जुना संभ्रम आहे हें दिसतें. खाल्ल्या मिठाला जागणें हा सेवकाचा गुण खरा. पण तोच साक्षीदाराच्या अंगीं आला म्हणजे दोष ठरतो. सेवक कोठें संपतो आणि साक्षीदार कोठें सुरू होतो, हा प्रश्न आजच्या बाजारानें पुन्हां नव्यानें पुढें आणला आहे.

नगरच्या कापडबाजारांत गिऱ्हाईक लुगड्याचा पोत दोन बोटांत धरून पाहतें, रंग उजेडांत नेऊन तपासतें आणि मगच भावाची गोष्ट काढतें. घरबसल्या माल मागविणाऱ्याला ही सोय नाहीं. ज्यांनीं तो माल आधीं घेतला त्यांनीं लिहिलेले अभिप्राय आणि त्यांनीं दिलेले तारे, हेच त्याचे डोळे आणि हीच त्याचीं बोटें. हें ओळखून कित्येक विक्रेते निवडक लोकांकडे आपला माल फुकट पाठवितात आणि मोबदल्यांत चार चांगले शब्द लिहून मागतात. कांहीं जण माल आधीं विकत घ्यावयास लावून, अनुकूल अभिप्राय प्रसिद्ध झाल्यावर किंमत गुपचूप परत करतात. वाचणाऱ्याला वाटतें कीं, आपल्यासारखाच कोणी पदरचे पैसे मोडून अनुभव सांगत आहे. तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या एखाद्या शिक्षकानें चार महिने शिल्लक टाकून यंत्र मागवावें, तें पंधरा दिवसांत बंद पडावें, आणि ज्यांच्या शब्दावर विसंबून तें घेतलें त्यांनीं त्यासाठीं दमडीही मोजली नव्हती असें निघावें, ही फसवणूक लहान म्हणतां येणार नाहीं.

ही रीत आजच्या यंत्रयुगानें जन्माला घातली, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. देणगी आणि प्रशस्ति यांचें नातें फार जुनें आहे, आणि त्याचे गुणदोष समजून घ्यावयास आपल्या अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या इतिहासाइतकें बोधप्रद साधन क्वचितच सांपडेल.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नांवाचें एक सचित्र फारसी हस्तलिखित आहे. आफताबी नांवाच्या कवीनें अहमदनगरचा सुलतान हुसेन निजामशहा याची स्तुति त्यांत गाइली आहे. १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईंत दक्षिणच्या सुलतानांनीं विजयनगरचा पराभव केला, त्या विजयाचें वर्णन हा या काव्याचा एक प्रमुख भाग. हुसेन निजामशहा त्याच वर्षीं वारला, आणि अल्पवयी मुर्तझाच्या नांवानें त्याची आई खुंझा हुमायून ही राज्यकारभार पाहूं लागली. कवीनें राजाबरोबर राणीचीही स्तुति केली, आणि चित्रकारानें तिला राजाच्या शेजारीं सिंहासनावर बसविलें. पुढें १५६९ त मुर्तझानें आईला कैद करून सत्ता हातीं घेतली. आज त्या हस्तलिखिताचीं पानें उलटलीं म्हणजे कित्येक चित्रांतून राणीची आकृति पुसून किंवा रंगवून नाहींशी केलेली दिसते. तिच्या पतनानंतर कोणाच्या तरी हातानें हें घडलें असावें, असा अभ्यासकांचा तर्क आहे. दात्याच्या आश्रयानें उभी राहिलेली स्तुति दात्याच्या सत्तेइतकीच टिकते, हें सांगावयास दुसरा ग्रंथ नको.

चित्राचें झालें, आतां इतिहासाचें पाहूं. निजामशाहीच्या उत्तरकाळीं दुसरा बुऱ्हाण निजामशहा १५९१ त गादीवर आला. त्याच्या आज्ञेनें सय्यद अली तबातबा यानें ‘बुऱ्हान-इ-मआसिर’ हा इतिहास लिहिला. ग्रंथाच्या नांवांतच आश्रयदात्याचें नांव गोंवलेलें आहे. वुल्झले हेग यांनीं त्यांतील निजामशाहीच्या भागाचें इंग्रजी भाषांतर १९२० नंतरच्या वर्षांत ‘इंडियन अँटिक्वेरी’ मासिकांतून प्रसिद्ध केलें, त्यामुळें फारसी न जाणणाऱ्यासही तो वाचतां येतो. घडामोडींची बारीकसारीक माहिती त्यांत विपुल आहे, आणि तबातबा स्वतः अहमदनगरांत राहून लिहीत असल्यानें ती मोलाचीही आहे. परंतु राजघराण्याच्या मूळ पुरुषाविषयीं बोलण्याची वेळ आली म्हणजे त्याची लेखणी एकदम उंच उडते. संस्थापक अहमद निजामशहा याचा संबंध तो थेट बहामनी सुलतानांच्या रक्ताशीं जोडून देतो.

याच घराण्याची हकीकत महंमद कासीम फिरिस्ता यानेंही लिहिली आहे. तो बाळपणीं बापाबरोबर अहमदनगरास आला, तेथेंच वाढला आणि मुर्तझा निजामशहाच्या चाकरींत राहिला. १५८८ त मुर्तझाला त्याच्याच मुलानें ठार केलें. त्या धामधुमींतून फिरिस्ता कसाबसा वांचला आणि १५८९ त विजापुरास गेला. तेथें इब्राहीम आदिलशहानें त्याला आश्रय दिला. अहमदनगरचें मीठ आतां सुटलें होतें. फिरिस्ता साफ लिहितो कीं, अहमद निजामशहाचा बाप हा मूळचा ब्राह्मण. त्याचें नांव तिमाभट, त्याच्या बापाचें नांव भैरव, आणि घराणें पाथरीच्या कुळकर्ण्यांचें. तबातबानें जेथें राजवंश दाखविला तेथें फिरिस्त्यानें कुळकर्ण्याचें दप्तर दाखविलें, आणि पुढच्या इतिहासकारांनीं बहुतेक फिरिस्त्याचेंच म्हणणें ग्राह्य धरलें.

येथपर्यंत वाचणाऱ्यास वाटेल कीं, फिरिस्ता हा निःस्पृह आणि तबातबा हा भाट. तसें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. याच फिरिस्त्याला विजापूरच्या आदिलशाहीचा मूळ पुरुष यूसुफ आदिलखान याच्याविषयीं लिहावयाचें होतें, आणि आतां तो ज्याची पोळी खात होता त्याचाच हा पूर्वज. फिरिस्ता सांगतो कीं, यूसुफ हा तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतान मुरादचा पुत्र. गादीसाठीं होणाऱ्या भाऊबंदांच्या कत्तलींतून त्याला आईनें गुप्तपणें वांचविलें आणि परदेशीं धाडलें. ही कथा मोठी चित्तवेधक आहे. पण तिला बळकट पुरावा नाहीं, आणि आधुनिक इतिहासकार ती मान्य करीत नाहींत. म्हणजे अहमदनगरच्या सुलतानाचें कुळ कुळकर्ण्याचें हें विजापुरास बसून सांगतां आलें. विजापूरच्या सुलतानाचें कुळ सामान्य आहे असें विजापुरास बसून सांगतां आलें नाहीं.

या प्रकरणांतील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेंच आहे. फिरिस्ता स्वतः प्रस्तावनेंत सांगतो कीं, इब्राहीम आदिलशहानें त्याला ‘रौझतुस्सफा’ या इतिहासग्रंथाची एक प्रत भेट दिली, दक्षिणेचा इतिहास नीट लिहिला गेलेला नाहीं म्हणून तो लिहिण्याची आज्ञा केली, आणि अशा ग्रंथांना विद्रूप करणारी असत्यें व खुशामत टाळण्याविषयीं बजाविलें. ग्रंथ फुकट मिळाला, पण खुशामत नको अशी अट दात्यानेंच घातली. इतका उदार दाता आणि इतका बुद्धिमान लेखक एकत्र आले, तरी यूसुफच्या वंशावळीशीं येतांच लेखणी वांकली. राजानें ती वांकविली असें मानण्याचें कारण नाहीं. मिंधेपणा हा बहुधा हुकुमाची वाट पाहात नसतो. ज्या घराच्या अंगणांत आपण रोज जेवतों त्या घराविषयींची गोड गोष्ट खरी वाटूं लागते, आणि लिहिणाऱ्याला आपण खोटें लिहीत आहों असें कळतही नाहीं. माल फुकट घेऊनही ‘मी अगदीं प्रामाणिक मत दिलें’ असें जे सांगतात, ते सर्वच खोटें बोलतात असें नाहीं. फिरिस्त्यासारखेच ते स्वतःच्या मनाविषयीं अजाण असतात, इतकेंच.

मागच्या दानाच्या कृतज्ञतेपेक्षां पुढच्या दानाची आशा लेखणीला अधिक वांकविते. कवि जुहूरी याचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. इराणांतून तो अहमदनगरास आला, आणि त्यानें आपलें ‘साकीनामा’ हें काव्य दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहास अर्पण केलें. अहमदनगरचें राज्य डळमळूं लागलें तसे तो आणि त्याचा सासरा मलिक कुम्मी हे दोघेही विजापूरच्या दरबारीं जाऊन राहिले. इब्राहीम आदिलशहा स्वतः गायक व कवि. त्याचा ‘किताब-इ-नवरस’ हा गीतांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्या ग्रंथाला स्तुतिपर प्रस्तावना लिहिली ती जुहूरीनें. राजाच्या ग्रंथावर राजाच्याच अन्नावर पोसलेल्या पंडितानें अभिप्राय द्यावा, याहून आजच्या प्रथेचा स्पष्ट पूर्वज कोणता? जुहूरीचें गद्य फारसी शैलीचा नमुना म्हणून पुढें शेंकडों वर्षें मानलें गेलें. पण ‘नवरस’ कसा आहे हें ठरविण्यासाठीं त्या प्रस्तावनेवर कोणीही विसंबत नाहीं.

आणि येथेंच जुन्या काळाच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोणी विसंबत नाहीं, कारण कोणापासून कांहीं लपविलेलें नाहीं. ग्रंथाच्या आरंभींच आश्रयदात्याचें नांव बिरुदांसह येतें. हा निजामशाहीचा, हा आदिलशाहीचा, हें वाचकास पहिल्याच पानावर कळतें, आणि तो त्या मानानें स्तुतींतून वजावाट करून घेतो. शिवाय एका दरबाराचें म्हणणें दुसऱ्या दरबाराच्या म्हणण्याशीं ताडून पाहतां येतें. तबातबा आणि फिरिस्ता हे दोघेही मिंधेच. पण ते निरनिराळ्या धन्यांचे मिंधे असल्यामुळें एकाच्या दोषावर दुसऱ्याच्या ग्रंथाचा उजेड पडतो.

आपल्या लोककलेनें तर याहूनही सरळ नियम पाळला. संगमनेरचा शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) बिदागीवर जगत असे, आणि ज्यांची बिदागी घेई त्यांचे पवाडेही गाई. त्यांत कोणासही गैर वाटलें नाहीं. तमाशाच्या फडांत दौलतजादा होते तेव्हां देणाऱ्याचें नांव आणि रक्कम भर बैठकींत पुकारली जाते, आणि मगच पुढचें गाणें होतें. कोणाच्या पैशानें कोणाची तारीफ चालली आहे, हें शेवटच्या रांगेंतल्या माणसालाही कळतें. अशिक्षित म्हणून ज्या कलेला आपण नाक मुरडतों, तिनें ही एवढी नीति सांभाळली होती.

छापखाना आला आणि दात्याचें स्वरूप बदललें. नगरांत १८४२ त अमेरिकन मिशननें ‘ज्ञानोदय’ सुरू केला. पुढें तो मुंबईस गेला, आणि १९१२ पासून कांहीं वर्षें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं त्याच्या मराठी विभागाचें संपादन केलें. पत्र मिशनच्या पैशावर चालत असे, पण तें मिशनचें आहे हें कधीं लपविलें गेलें नाहीं. त्यामुळें त्याच्याशीं वाद घालणाऱ्यांना वाद घालतां आला, आणि त्यांतली विज्ञान-भूगोलाची माहिती हवी असणाऱ्यांना ती निवडून घेतां आली. मराठी मासिकांत पुढें ‘साभार पोंच’ हें सदर रूढ झालें. प्रकाशकानें परीक्षणासाठीं प्रती पाठवावयाच्या, संपादकानें पोंच छापावयाची, आणि योग्य वाटेल त्या पुस्तकाचें परीक्षण योग्य वाटेल त्या विद्वानाकडे सोंपवावयाचें. येथेंही वस्तु फुकट मिळते हें खरें. परंतु ती मिळाल्याची कबुली सदराच्या नांवांतच आहे. परीक्षक कोण हें प्रकाशक ठरवीत नाहीं. आणि परीक्षण प्रतिकूल आलें म्हणून पुढचीं पुस्तकें यावयाचीं थांबत नाहींत. दाता आणि साक्षीदार यांच्या मध्यें संपादक उभा असतो. हा आडपडदा पातळ आहे, कधीं कधीं तो फाटतोही. पण तो आहे.

दाता रागावला तर काय होतें, याचेंही उदाहरण त्या काळांत मिळतें. ‘शाळापत्रक’ हें मासिक सरकारी विद्याखात्याच्या आश्रयानें चालत असे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं त्यांत सरकारी धोरण आणि मिशनरी यांच्यावर तिखट लिहिलें, आणि १८७५ त सरकारनें तें बंद केलें. तत्पूर्वींच, १८७४ त, शास्त्रीबोवांनीं ‘निबंधमाला’ सुरू केली होती. तिला आधार होता तो वर्गणीदारांचा. तिचे चौऱ्यांशी अंक निघाले. त्यांतलीं मतें सर्वांना पटलीं नाहींत, कित्येकांवर त्यांत अन्यायही झाला. पण तीं मतें विकत घेतलेलीं आहेत असें त्यांच्या कट्टर विरोधकांनाही म्हणतां आलें नाहीं. याचें कारण उघड आहे. पोळी वाचकाची होती, आणि टाळीही वाचकाचीच होती.

आतां आजच्या प्रथेकडे वळूं. जुन्या दरबारी लेखकापेक्षां आजचा फुकट माल घेणारा अभिप्रायलेखक अधिक लोभी आहे असें मुळींच नाहीं. जुहूरीनें राजाश्रय घेतला, यानें एक दिव्याची माळ किंवा कानांत घालावयाचें यंत्र घेतलें, इतकाच फरक. पण जुहूरी राजकवीच्या पोषाखांत बोलत होता; हा शेजाऱ्याच्या पोषाखांत बोलतो. दोष पोळी खाण्याचा नव्हे. पोळी कोणाची हें झांकून ठेवून टाळी मात्र निःपक्षपाती म्हणून वाजविणें, हा दोष. झांकलेल्या मिंधेपणामुळें वाचकाचा वजावाट करण्याचा हक्कच हिरावून घेतला जातो; आणि एकाच विक्रेत्याच्या देणगीवर शंभर अभिप्राय उभे राहिले, तर ताडून पाहावयास दुसरा दरबारही उरत नाहीं. खोट्या साक्षींच्या गर्दींत खऱ्या गिऱ्हाइकाची साक्षही संशयास्पद होते, हें नुकसान तर कोणाच्याच हिशेबांत धरलें जात नाहीं.

अलीकडे कायद्यानें या गोष्टीची दखल घेतली आहे. ‘ॲमेझॉन’ या मोठ्या विक्रीसंस्थेनें २००७ पासून आपल्याच देखरेखीखालीं निवडक गिऱ्हाइकांना माल देऊन अभिप्राय मागविण्याची एक योजना चालविली. आणि २०१६ त, ती योजना वगळून, फुकट मालाच्या मोबदल्यांतील अभिप्रायांना मनाई केली. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याखालीं २०२२ च्या जूनमध्यें फसव्या जाहिरातींसंबंधीं मार्गदर्शक तत्त्वें निघालीं, आणि माल वाखाणणाऱ्याचा विक्रेत्याशीं कांहीं संबंध असेल तर तो उघड करावा असें त्यांत सांगितलें गेलें. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत भारतीय मानक संस्थेनें ग्राहकांच्या अभिप्रायांसाठीं ‘आय. एस. १९०००’ हें मानक ठरविलें. २०२३ च्या जानेवारींत सरकारनें आणखी खुलासा केला कीं, पैसाच नव्हे, तर फुकट मिळालेली वस्तु हाही असा संबंधच होय. अमेरिकेंत २०२४ त झालेल्या नियमानें, अभिप्राय अनुकूल किंवा प्रतिकूलच असावा या अटीवर मोबदला देण्यास बंदी घातली. या सर्व नियमांचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर, दौलतजादा करावयाची असेल तर नांव पुकारून करा. आमच्या फडांतला हा रिवाज कायद्याच्या भाषेंत यावयास इतका काळ लागला!

पण नांव पुकारल्यानें सर्व भागलें असेंही समजूं नये. फिरिस्त्यानें आश्रयदात्याचें नांव लपविलें नव्हतें. दात्यानें खुशामत नको म्हणूनही बजाविलें होतें. तरी जें व्हावयाचें तें झालेंच. उघडेपणानें वाचक सावध होतो, लेखक शुद्ध होत नाहीं. म्हणून वाचकाच्या वांट्यालाही कांहीं काम उरतें. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आम्ही तीन प्रश्न विचारावयास शिकवितों: हें कोणी लिहिलें, कोणाच्या अन्नावर लिहिलें, आणि ज्याला त्या अन्नाची गरज नव्हती असा कोणी त्याविषयीं काय म्हणतो. जुन्या बखरी तपासण्यासाठीं घडविलेलें हें हत्यार घरांत नवें यंत्र घेण्यापूर्वींही तितकेंच उपयोगी पडतें. नुसती स्तुति करणाऱ्या दहा अभिप्रायांपेक्षां गुण आणि दोष दोन्ही सांगणारा एक अभिप्राय अधिक मोलाचा, हें घरांतल्या मुलांनाही शिकवून ठेवावें.

राहतां राहिला दाता. त्याच्यावरही कांहीं जबाबदारी आहे कीं नाहीं? याचें उत्तर, ज्या स्त्रीचें नांव आज या जिल्ह्याला दिलें आहे तिच्या चरित्रांत मिळतें. अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ त जामखेड तालुक्यांतल्या चौंडी गांवीं झाला. सर जॉन माल्कम यानें १८२३ त प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतांत त्यांची एक हकीकत दिली आहे. एका ब्राह्मणानें त्यांच्या स्तुतीचा एक ग्रंथ रचून आणला. बाईंनीं तो शांतपणें ऐकून घेतला, आपण तर एक दुर्बळ पापी स्त्री, या स्तुतीस पात्र नाहीं, असें म्हटलें, ग्रंथ नर्मदेंत टाकून देण्याची आज्ञा केली, आणि ग्रंथकर्त्याची पुढें कांहीं दखल घेतली नाहीं. बाईंनीं घाट बांधले, देवळें बांधलीं, अन्नछत्रें चालविलीं. देण्यांत त्यांचा हात कधीं आंखडला नाहीं. फक्त स्तुतीच्या मोबदल्यांत त्यांनीं कांहीं दिलें नाहीं.

माल विकणाऱ्यानें नदींत टाकावें असें कांहीं नाहीं. त्यानें फुकट मालाबरोबर स्तुतीची अपेक्षा तेवढी पाठवूं नये. जो माल खरोखर चांगला असतो त्याला मिंध्या साक्षीदाराची गरज पडत नाहीं, आणि जो वाईट असतो त्याला अशी साक्ष फार दिवस तारीत नाहीं. अहिल्याबाईंच्या स्तुतीचा तो ग्रंथ नर्मदेंत गेला, त्याच्या कर्त्याचें नांवही माल्कमनें दिलेलें नाहीं. बाईंचे घाट मात्र लोक आजही वापरतात, आणि त्यांविषयींचा अभिप्राय त्यांना कोणी विकत मागावा लागला नाहीं.